सर्दी झालेला आवाज

ज्या घरात रेल्वेच्या संपाची बातमी पेपरांच्या आधी येते, त्या घरात मी राहतो. बायको रेल्वेत आहे. संपाच्या मतदानाचं पाकीट आमच्याच डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली कितीतरी दिवस पडून होतं. आणि तरीही संपाच्या पहिल्या दिवशी सकाळी डबा, लॅपटॉप आणि छत्री घेऊन गाडी पकडायला स्टेशनवर गेलेला माणूस मीच.

याला जबाबदार अमेरिका.

आमची मुलगी इथे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला, इतिहास करते. तिचा मोठा निबंध आहे अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे संपांवर. आदल्या संध्याकाळी जेवताना ती तो वाचून दाखवत होती. पगार कापले म्हणून मालगाड्यांच्या लोकांनी कामं थांबवली, इंजिनं डब्यांपासून सोडवून शेडमध्ये नेऊन ठेवली. गावातली माणसं त्यांच्या बाजूनं रुळांवर येऊन उभी राहिली. सैनिक आणले, तर त्यातल्या कित्येकांचे सोयरे समोरच्याच गर्दीत.

"आणि बाबा, हे ऐक," ती म्हणाली. "दोन डबे जोडायला तेव्हा मधे एक लोखंडाची पिन हातानं बसवायला लागायची. डबे जोडणाऱ्या ब्रेक्समनची बोटं जायची त्यात. किती बोटं कमी आहेत त्यावरून कळायचं माणूस किती जुना आहे."

"म्हणजे रेल्वे तेव्हा बोटं घ्यायची," बायको म्हणाली, आणि भात वाढता वाढता तिनं आणखी एक वाक्य टाकलं. "उद्या सकाळपासून आमचा सुरू."

मी म्हणालो, "हं."

माझं 'हं' हे फार भरवशाचं आहे. त्यात होकार असतो, आदर असतो, फक्त ऐकलेलं नसतं. मी मनानं त्या रुळांवर उभा होतो, बोटं मोजत. दीडशे वर्षांपूर्वीच्या संपात इतका गुंतलो की उद्याचा हुकला.

सकाळी मी उठलो तेव्हा बायको गेलेली होती. त्यात नवल काही नाही, तिची पहिली पाळी असली की ती अंधारातच जाते. रीडिंग शहराच्या अलीकडच्या ज्या छोट्या स्टेशनवरून मी गाडी पकडतो, तिथेच ती प्लॅटफॉर्मवर गाडी सोडायचं काम करते. दारं लागली, कुणाचा स्कार्फ किंवा कुत्र्याचा पट्टा अडकला नाही ना ते डोळ्यांनी बघायचं आणि मग गार्डला इशारा द्यायचा. संपही त्यावरूनच होता. कंपनीचं म्हणणं, एवढ्यासाठी माणूस कशाला, कॅमेरा बघेल आणि भोंगा बोलेल.

धुकं इतकं दाट होतं की स्वतःच्या बोनेटचा अंदाज घेत गाडी चालवली. स्टेशनच्या पुढच्या बाजूला पार्किंगचे पैसे पडतात, मागच्या गल्लीत पडत नाहीत. पुण्याचा माणूस कुठून शिरणार हे वेगळं सांगायला नको. गल्लीत गाडी लावली आणि रुळांवरच्या पुलाच्या पायऱ्या चढलो. रोज त्या पुलावर सायकली, बॅगा, कॉफीचे कप यांची धक्काबुक्की असते. त्या दिवशी माझ्याच बुटांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता. मला वाटलं, वा, आज लवकर आलो.

पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा खालून बायकोचा आवाज आला. इंग्रजीत, अर्थात.

"कृपया प्लॅटफॉर्म दोनवर या. गाड्या सुरू आहेत."

आता या आवाजाबद्दल सांगायला हवं. दोनेक हिवाळ्यांपूर्वी कंपनीला हुक्की आली की छोट्या स्टेशनांवरच्या सूचना तिथल्याच माणसांच्या आवाजात असाव्यात, लोकांना आपलेपणा वाटतो. बायकोला एका खोलीत बसवून दुपारभर वाचायला लावलं. आकडे, गावांची नावं, 'कृपया', 'माफ करा', 'लिफ्ट बंद आहे'. तिला त्या दिवशी सणकून सर्दी होती. तेव्हापासून आमच्या स्टेशनवर सूचना चोंदलेल्या नाकातून येतात. मी मराठी मंडळाच्या गणपतीत छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्या हिचा आवाज आता रेल्वेचा आवाज आहे." तिनं तिथल्या तिथे सुनावलं होतं, "ते नाकात बोलणारं बदक मी नाही."

तर आवाज ओळखीचा होता, पण वाक्य नवीन होतं. 'या' असं तिनं कधीच म्हटलेलं नव्हतं. त्या यादीत होतं ते सगळं 'थांबा', 'सांभाळा', 'मागे सरका'. मला वाटलं, ही माईकवर आहे, मला पुलावर बघितलंय आणि मलाच बोलावतेय. गाडी उभी असणार. मी कठड्यावरून वाकून मोठ्यानं म्हणालो, "ओ! आलो, आलो!"

आणि धावत खाली उतरलो.

प्लॅटफॉर्मवर कोणी नव्हतं. नाही म्हणजे नाहीच. बायको जिथे उभी असते तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं. तिच्या केबिनला कुलूप होतं, आत अंधार होता, काचेतून तिचा कान तुटलेला चहाचा मग दिसत होता. समोर गाडी उभी, सगळे दिवे लागलेले, सगळी दारं उघडी, आत एक माणूस नाही. रिकामी दुकानं मी बघितलीत, रिकामी घरंही. पण कुणीतरी येणार म्हणून दारं उघडून बसलेली रिकामी गाडी वेगळीच. ती वाट बघते.

"कृपया प्लॅटफॉर्म दोनवर या," आवाज माझ्या डोक्यावरून म्हणाला. मी प्लॅटफॉर्म दोनवरच उभा होतो.

या खेपेला नीट ऐकलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढलंय, जोडकाम मला ऐकू येतं. 'कृपया' त्या दुपारच्या सुरुवातीचं होतं, नाक अजून जरा उघडं असतानाचं. 'प्लॅटफॉर्म' नंतरचं, पार चोंदलेलं. 'दोन' कुठल्यातरी आकड्यांच्या रांगेतून उचललेलं, त्यामुळे त्याच्यापुढे 'तीन' येणार असं वाटत राहायचं. आणि 'या'? ते कशातून कापून काढलं कोण जाणे, फार जवळून आल्यासारखं वाटत होतं. बायकोचा आवाज फाडून त्याच्या चिंध्या कुणीतरी एकीला एक शिवल्या होत्या. गोधडी जुन्या लुगड्याची करतात. ही नेसत्या लुगड्याची केली होती.

आणि मग मला माझ्या आईची हाकामारी आठवली.

आमच्या गावाकडे म्हणायचे, हाकामारी दाराबाहेर उभी राहते आणि घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. तिला एकदाच हाक मारता येते, फार तर दोनदा. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरी आली तरच आपलं माणूस. ओ दिली की गेलात तिच्यामागे. मी लहानपणी यावर हसायचो आणि तिसऱ्या हाकेची वाट बघायचो, दोन्ही एकदम. आज, या वयात, लॅपटॉप खांद्याला लावून, मी पहिल्याच हाकेला पुलावरून वाकून ओ दिली होती.

"गुड मॉर्निंग, सर!" मागून कुणीतरी म्हणालं आणि मी छत्री टाकली.

तो हेड ऑफिसातला मॅनेजर होता. अंगात पिवळं जाकीट, पाकिटातून काढल्याच्या घड्या तशाच. "आजचे पहिले प्रवासी तुम्ही! बसा ना, कुठेही बसा."

"बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे?" त्यानं अंगठ्यानं पुढच्या दाराकडे खूण केली. "सगळे बाहेर. संप आहे ना."

तेव्हा ते भाताबरोबर आलेलं वाक्य माझ्या पोटात पोचलं.

"गाड्या सुरू आहेत," आवाज म्हणाला.

मॅनेजरनं मान खांद्यात ओढून घेतली. "ही बाई थांबतच नाही हो. पहाटेपासून एकटा आहे मी इथे. सारखं वाटतं मागे उभी आहे. कोण आहे काय माहीत."

"माझी बायको," मी म्हणालो.

तो एक पाऊल मागे सरकला. त्याचा दोष नाही. मीही सरकलो असतो.

"बंद करा ना ते."

"तिकडून येतं," तो म्हणाला. तिकडे म्हणजे ऑफिसात. "मला फक्त चाव्या दिल्यात."

शहाणा माणूस आल्या वाटेनं पुलावरून परत गेला असता. पण पुढच्या दाराच्या जाळीतून मला बायकोची पाठ दिसली आणि मी सरळ तिकडे निघालो. मॅनेजरनं अदबीनं गेट उघडलं आणि सगळ्या जगाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सांभाळून जा, सर! आज आमच्याबरोबर प्रवास केल्याबद्दल धन्यवाद!"

इथे संपकऱ्यांची रांग ओलांडून आत जाणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. सासरे नागपूरहून नॉटिंगहॅमला आले ते तिथल्या रेल्वेत गार्ड म्हणून रिटायर झाले. लग्नाआधी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. दारू पितोस का, आणि पिकेट लाइन ओलांडशील का. पहिल्याला मी थोडं खोटं बोललो, दुसऱ्याला खरं. त्यांना आत जाणारे फितूर ठाऊक होते. आतून बाहेर येणारा जावई त्यांनीही कल्पिला नसता.

गेटबाहेर झेंडा होता, चहाचे थर्मास होते आणि पिवळ्या जाकिटांतली मोजकी माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं.

"काय करून राहिला तू आत?" बायको म्हणाली. ती जन्मली नॉटिंगहॅमला, पण रागावली की सरळ नागपुरात उतरते.

"तू बोलावलंस म्हणून…" मी म्हणालो, आणि तेवढं मराठीत म्हणालो हे देवाचे उपकार.

पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि तिच्या रागाचं कारण मी नव्हतोच. मी येण्याआधीच तिथे काहीतरी फाटलं होतं. तिकीट गेटवर काम करणारी एक तरुण मुलगी बायकोसमोर हाताची घडी घालून उभी होती. तिचं बाळ लहान, घरभाडं डोक्यावर, संपावर यायला ती तयार नव्हती. बायकोनंच तिला आमच्या स्वयंपाकघरात बसवून, पोहे खायला घालून सांगितलं होतं: आपण सगळे बाहेर असू, एकही आत नसेल, तरच याला अर्थ आहे.

"तू म्हणालीस एकही आत नसेल," ती मुलगी आता म्हणत होती. "मग आत कोण आहे?"

"गाड्या सुरू आहेत," भोंगा म्हणाला. "कृपया प्लॅटफॉर्म दोनवर या."

सगळ्यांची नजर बायकोच्या तोंडावर गेली. ते बंद होतं. ओठ हलत नव्हते आणि आवाज येत होता. मी इतकी वर्षं त्या तोंडासमोर जेवतोय, पण मलासुद्धा क्षणभर त्याची भीती वाटली. बायकोनं गळ्याला हात लावला, गर्दीतून बाहेर आल्यावर पर्स जागेवर आहे ना बघावं तसा.

"तुला विचारलं होतं का त्यांनी, लव्ह?" जुना गार्ड म्हणाला. रिटायर व्हायला आलेला, सगळ्यांना लव्ह म्हणणारा भला माणूस. पण त्या वेळी त्याच्या लव्हमध्ये थोडी धार होती.

"नाही."

"मग आज तुझी हजेरी लागणार की नाही?" मुलगी म्हणाली. "अर्धी तू इथे आणि अर्धी आत. मी मात्र सगळीच्या सगळी इथे आहे." तिनं जाकिटाची चेन वर ओढली. तिनं तिथून पाय उचलला असता, तर ती आत गेली असती की घरी, माहीत नाही. पण ती गेली की मागोमाग आणखी कोण जाईल, हे बायकोला माहीत होतं. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

मला गप्प बसवेना. "हाकामारी आहे ती," मी म्हणालो.

"काय आहे?"

मी घाईघाईत सांगितलं. घरच्याच माणसाचा आवाज, पहिली हाक, ओ द्यायची नाही. बायकोनं हे आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. गार्डनं विचारलं, काय म्हणतोय हा?

"याची आई म्हणायची," तिनं इंग्रजीत सांगितलं, "आपल्या माणसाच्या आवाजात काहीतरी हाक मारतं. उत्तर द्यायचं नाही."

"मग नको देऊस," गार्ड म्हणाला.

बायको भोंग्याकडे वळली. "बाकीच्यांनी नाही द्यायचं," ती म्हणाली. "मी देणार. आवाज माझा आहे तर उत्तरही माझंच."

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारे गृहस्थ आले, हातात छोटी सूटकेस. भोंगा लगेच बोलला, जणू त्याला ते दिसले. "गाड्या सुरू आहेत. कृपया प्लॅटफॉर्म दोनवर या."

"माझ्याकडून सुरू नाहीत," बायको गेटजवळून मोठ्यानं म्हणाली. "मी बाहेर आहे."

म्हातारे थबकले. तोच आवाज. एक नाकातून, वरून. एक खणखणीत, समोरून. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा भोंग्याकडे. जिवंत माणसाला ओळखायला एवढा वेळ घेतलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी टोपी काढली.

"माफ करा, पण तुम्ही नक्की कुठे आहात?"

"इथे," बायको म्हणाली. "पूर्ण इथे."

"या," भोंगा म्हणाला.

"नका येऊ," बायको म्हणाली.

म्हाताऱ्यांनी टोपी घातली, सूटकेस दुसऱ्या हातात घेतली आणि धुक्यात परत गेले. मग ती तिकिटाची मुलगी दोन पावलं सरकली, बायकोच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या कोपरात आपला हात अडकवला. ते अडकवणं मी बघितलं. पिन बसावी तसं बसलं.

पुढे सकाळभर तेच चाललं. भोंगा आत बोलवायचा, बायको बाहेर राहायची. थोड्या वेळानं सगळेच ओरडायला लागले. मीही ओरडलो, एकदा चुकून भोंग्याच्या आधीच. थर्मासमधला चहा संपला. मला वाटत होतं हे मजेचं होईल. झालं नाही. दर वेळी तो आवाज आला की बायकोच्या मानेवरची शीर हलायची, जणू शब्द तिच्यातूनच ओढून नेतायत.

दुपारच्या सुमाराला भोंगा वाक्याच्या मधेच थांबला. "गाड्या सु…"

इतकी शांतता झाली की झेंड्याचं कापड ऐकू आलं. मग गेट उघडून मॅनेजर आला. जाकिटाच्या घड्या मोडल्या होत्या आणि हातात एक वायर होती, मेलेला साप धरावा तशी अंगापासून लांब धरलेली.

"मोडलेलं नाही काही," तो आमच्यातल्या कुणाला म्हणत होता कळलं नाही. "फक्त सोडवलंय." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "मॅडम, ती माझ्याशी बोलत होती."

"मी नव्हते," बायको म्हणाली.

"हो, ते आता कळलं."

गार्डनं त्याला उरलेलं बिस्किट दिलं. त्यानं ते तिथेच, गेटच्या आतल्या बाजूला उभं राहून खाल्लं.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं. तिनं निबंधाच्या समासात काहीतरी लिहिलं. "त्यांनीपण इंजिनं मोडली नव्हती, नुसती सोडवली," ती म्हणाली. "मॅनेजरला माहीत होतं?" मी म्हणालो, त्याला काही माहीत नव्हतं, तो घाबरला होता. बायकोच्या फोनवर तिकिटाच्या मुलीचा मेसेज आला होता: उद्या चहा मी आणते, तुमच्या चहात आलं फार असतं. एवढंच. पण बायकोनं तो बऱ्याच वेळा उघडून बघितला.

ती स्वयंपाकघरात गेली. मी हॉलमध्ये मुलीचं पुस्तक चाळत बसलो. बाहेर धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. दिवसभर थंडीत ओरडून बायकोचं नाक चोंदलं होतं, गळा बसला होता.

"ऐकतोस का?" आतून आवाज आला.

माझं पान उलटायचं राहिलं. तोच. अगदी तोच, नाकातून येणारा, प्लॅटफॉर्म दोनवरचा. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक घट्ट धरलं आणि ओ दिली नाही.

"अरे, ऐकतोस का?"

दुसरी. मी अजून गप्प. स्वतःच्या घरात, सोफ्यावर, पायात मोजे घातलेला माणूस बायकोच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत होता, आणि ती यावी म्हणून देवाला आठवत होता.

"अरे माणसा!"

"ओ!" मी म्हणालो, आणि सुटलो.

बायको हातात पळी घेऊन दारात आली. मी तिला खरं ते सांगितलं: तिसऱ्या हाकेसाठी थांबलो होतो. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाही तू. अन् दिली तेव्हा कोणाला, त्या भोंग्याला."